वरळीच्या मनोऱ्याचा वारसा

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. दिल्लीपाठोपाठचे देशातील हे दुसरे केंद्र. चाळीत एखाद्याच बिऱ्हाडी संच असे आणि सायंकाळी त्या घराचे दार सर्वांना खुले असे. वरळीचा मनोरा पुढे मुंबईच्या क्षितिजाचा भाग झाला. पण या केंद्राची खरी उंची त्या मनोऱ्याच्या लोखंडात नव्हती, तर तेथून घरोघरी पोहोचणाऱ्या आशयात होती.

मराठी, हिंदी, गुजराती अशा भाषांत वाटलेल्या मोजक्या वेळात या केंद्राने जे घडविले, ते आज आश्चर्यकारक वाटते. ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ने साहित्यिक व कलावंत सामान्यांच्या घरी आणले. ‘गजरा’ने रंगभूमीवरील गुणी कलावंतांना ओळख दिली. चिं. वि. जोशींचा चिमणराव ग्रंथालयाच्या कपाटातून उतरून घराघरांत वावरू लागला. ‘आमची माती, आमची माणसं’ने शेतकऱ्याशी त्याच्या भाषेत संवाद साधला. आकाशानंद यांच्या ‘ज्ञानदीप’ने तर त्याहूनही मोठे काम केले. त्याच्या प्रेक्षकांनी ठिकठिकाणी ज्ञानदीप मंडळे स्थापन केली. पाहणारा माणूस करता झाला! लोकशिक्षणाचे माध्यम म्हणतात ते हेच. संघटनेचे काम करणाऱ्यांना या घटनेचे मोल वेगळे सांगावयास नको.

तथापि या उज्ज्वल इतिहासाला एक काळी किनारही आहे. १ एप्रिल १९७६ रोजी दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले, पण सरकारच्या मुठीतून सुटले नाही. आणीबाणीत सहस्रावधी देशभक्त कारागृहात असताना पडद्यावर सत्तेची आरती चालू होती. फेब्रुवारी १९७७ मध्ये दिल्लीतील विरोधकांच्या विराट सभेची गर्दी रोखण्यासाठी दूरदर्शनने ‘बॉबी’ चित्रपट दाखविला. जनता तरीही सभेला गेली आणि पुढच्याच महिन्यात मतपेटीतून तिने आपले उत्तर दिले. शासनाच्या हाती असलेले माध्यम किती लवकर शासकाचे होते, हा त्या काळाचा धडा आहे. तो केवळ एका पक्षाविषयीचा नाही. सरकार कोणाचेही असो, अगदी आपल्या विचारांचे असो, सार्वजनिक वाहिनी ही राष्ट्राची असते, सत्ताधाऱ्यांची नव्हे. १९९० चा प्रसारभारती कायदा प्रत्यक्ष अमलात यायला १९९७ साल उजाडावे, यातच आपल्या राज्यकर्त्यांच्या मनाची कोंडी दिसते.

१९८२ मध्ये रंग आले, राष्ट्रीय प्रक्षेपण आले आणि रात्रीचा मोक्याचा वेळ दिल्लीकडे गेला. १९८७ मध्ये ‘रामायण’ने रविवारी सकाळी देशभरचे रस्ते ओस पाडले, भारतीय समाजाच्या अंतःकरणाशी नाते जोडले की माध्यम काय करू शकते, याचे ते दर्शन होते. १९९४ मध्ये स्वतंत्र मराठी वाहिनी आली आणि २००० साली तिचे ‘सह्याद्री’ असे सार्थ नामकरण झाले. परंतु तोवर खाजगी मराठी वाहिन्यांचे युग अवतरले होते. त्यांनी मराठी कलावंतांना काम दिले, हे मान्यच केले पाहिजे. पण त्याचबरोबर कटकारस्थानांचे कुटुंब आणि धेडगुजरी मराठी हेही घराघरांत शिरले. या शर्यतीत सह्याद्रीने त्यांचे अनुकरण करणे हा आत्मघात ठरेल. बाजाराला ज्यात नफा दिसत नाही, ते करण्यासाठीच सार्वजनिक वाहिनी असते. कीर्तन, संतसाहित्य, बोली, शेती, शास्त्रीय संगीत, बालकांचे कार्यक्रम हे तिचे क्षेत्र आहे.

दुसरी चिंता संग्रहाची. टेपच्या टंचाईमुळे जुनी चित्रणे पुसून त्यांवर नवी करण्याची प्रथा दूरदर्शनमध्ये होती. त्यात किती थोरांचे चेहरे आणि आवाज कायमचे हरपले! जे उरले आहे त्याचे जतन, सूचीकरण आणि जनतेसाठी खुले प्रदर्शन हे काम लांबणीवर टाकता येणार नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. हा गौरव केवळ ताम्रपट आणि पोथ्यांपुरता नसून भाषेच्या दृक्‌श्राव्य ठेव्यालाही लागू आहे.

केवळ शासनाकडे बोट दाखवून मात्र भागणार नाही. संस्कारांची चिंता वाहणाऱ्या किती घरांत सह्याद्री आवर्जून लावली जाते? चांगल्या कार्यक्रमासाठी दोन ओळींचे अभिनंदनाचे पत्र किती जण पाठवितात? सवंग मालिकेवर टीका करीत तीच पाहत बसणे, ही आपली मध्यमवर्गीय विसंगती आहे. ज्ञानदीप मंडळे सरकारी आदेशाने निघाली नव्हती. ती समाजाने काढली होती. आजही आठवड्यातून एक सायंकाळ कुटुंबाने एकत्र बसून चांगला कार्यक्रम पाहावा आणि त्यावर बोलावे, एवढे व्रत घेता येईल. जागृत प्रेक्षक हाच वाहिनीचा खरा पाया असतो. तो ढासळला, तर वरळीचा मनोरा कितीही उंच असला तरी पोकळच ठरेल.