वाचनाचा संकल्प, वहीतला आकडा आणि चाळिशी

एक जानेवारीला संकल्प सोडण्याची माझी जुनी खोड आहे. पहाटे फिरायला जाणे, चहातली साखर बंद करणे वगैरे संकल्प संक्रांतीच्या तिळगुळाबरोबरच विरघळतात, हा घरच्यांचा अनुभव. २०२५ च्या जानेवारीत मात्र 'वाचन संकल्प महाराष्ट्राचा' हा पंधरवडा महाविद्यालयांतून आणि सार्वजनिक ग्रंथालयांतून साजरा झाला आणि मलाही हुरूप आला. वर्षात २४ पुस्तके, म्हणजे महिन्याला दोन. शंभर पानी वही आणली, रकाने आखले. १८३८ साली स्थापन झालेले जिल्हा वाचनालय ज्या गावात आहे, त्या गावच्या माणसाला एवढे जमायला काय हरकत?

गणपतीपर्यंत १३ झाली. हिशेबाने १६ व्हायला हवी होती. मग मी जे केले ते सांगायला संकोच वाटतो. कपाटातून जाडी बघून पुस्तके काढू लागलो. नव्वद पानांचे पुस्तक, एका बैठकीत खलास, वहीत एक आकडा जमा! रात्री बारा-साडेबारापर्यंत टेबललॅम्पच्या उजेडात पाने उलटायची आणि सकाळी दवाखान्यात तारवटलेल्या डोळ्यांनी रक्तदाबाच्या रुग्णाला सांगायचे, "रात्री सात तास झोप घ्या बरं." एका रात्री सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, पुस्तकं वाचताय की परीक्षेला बसलाय?" दुसऱ्या दिवशी वही चाळली. आठव्या क्रमांकाच्या पुस्तकाचे नाव माझ्याच अक्षरात होते, पण त्यात काय होते ते काही केल्या आठवेना.

वाचनाने प्रकृतीला फायदा होतो का, असे लोक विचारतात. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पन्नाशी ओलांडलेल्या ३,६३५ जणांची बारा वर्षांची माहिती त्यात होती. आठवड्याला साडेतीन तासांहून अधिक पुस्तके वाचणाऱ्यांमध्ये, अजिबात न वाचणाऱ्यांच्या मानाने, मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. आता ज्याची प्रकृती बरी तोच निवांत वाचू शकतो, हेही खरे. तेव्हा पुस्तक म्हणजे सकाळ-संध्याकाळ घ्यायची गोळी नव्हे. पण त्यात मोजले होते ते तास. पुस्तकांची संख्या नव्हे! साडेतीन तास म्हणजे रोजचा अर्धा तास. तेवढा कोणालाही निघतो, आणि झोप मोडावी लागत नाही.

खरे तर आपल्याकडे वाचनाचा नेम फार जुना आहे. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये आपल्याच नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्या नऊ हजारांच्या घरातील ओव्यांचे सात दिवसांचे पारायण आजही गावोगावच्या सप्ताहात होते. रोजच्या ओव्या हजाराच्या वर जातात. माझ्या वहीतल्या आकड्यांची काय कथा! पण तिथे वेळ ठरलेली असते, जागा ठरलेली असते, शेजारी चार माणसे असतात आणि वर्षभराने तोच ग्रंथ पुन्हा उघडायचा असतो. 'वाचून झाला' असे कोणी म्हणत नाही. (पंडित नेहरूंनी १९४४ मध्ये आपल्या भुईकोट किल्ल्यात पाच महिन्यांत जाडजूड ग्रंथ लिहिला, याचे दाखले मला देऊ नका. त्यांना बाहेर पडायची सोय नव्हती!)

माझे खरे म्हणणे पुढेच आहे. तालुक्याच्या गावचे एक निवृत्त गुरुजी माझ्याकडे वर्षानुवर्षे रक्तदाब तपासायला येतात. पट्टीचे वाचक. एकदा सहज विचारले, "गुरुजी, सध्या काय वाचताय?" म्हणाले, "डॉक्टर, आता पूर्वीसारखं मन लागत नाही हो." बाई बरोबर होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "ह्यांनी पेपरसुद्धा हातात धरणं सोडलंय. पारायणाला पण बसले नाहीत यंदा." घरातल्यांनी वयावर सोडून दिले होते. मुलाला वाटत होते, स्वभाव उदास झाला. डोळ्यांत बॅटरीचा उजेड टाकला तर दोन्हीकडे मोतीबिंदू. माणसाला दिसत नव्हते आणि ते कबूल करायची लाज वाटत होती. म्हणून 'मन लागत नाही'. सरकारी रुग्णालयात ही शस्त्रक्रिया मोफत होते. गुरुजींचा एक डोळा झाला, दुसऱ्याला ते अजून टाळाटाळ करताहेत.

दुसऱ्या एका बाईंचे डोळे मात्र ठणठणीत होते. यजमान गेल्यापासून वाचन सुटले, मग जेवण सुटले, पहाटे तीनला जाग येऊ लागली. तो मनाचा आजार होता आणि त्यावर औषध आहे. म्हणून म्हणतो, वाचणाऱ्या माणसाचे वाचन सुटले तर ते ताप-खोकल्यासारखे लक्षण समजा. भूक आणि झोप विचारतो तसे आम्ही डॉक्टरांनी हेही विचारायला हवे. मी स्वतः इतकी वर्षे विचारत नव्हतो.

आणि चाळिशी! चाळिशीनंतर डोळ्यातील भिंगाची लवचिकता कमी होते, जवळचे अक्षर धूसर होते. हा आजार नाही. तरी आपल्याकडे, विशेषतः बायका, सुई ओवायला नातवाला हाक मारतील पण चष्मा लावणार नाहीत. आसाममधील चहामळ्यांत चाळिशीपुढच्या ७५१ मजुरांवर अभ्यास झाला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. जवळचे पाहण्याचा साधा चष्मा दिल्यावर पानांची खुडणी सुमारे २२ टक्के वाढली. चहा खुडायला जो उपयोगी, तो पोथीला का नको? मात्र रस्त्यावरचा तयार चष्मा नाकावर चढवून मोकळे होऊ नका. एकदा डोळे तपासून घ्या. काचबिंदू दुखत नाही, खुपत नाही, गुपचूप नजर खातो. मधुमेह असेल तर डोळ्याच्या पडद्याची तपासणी दरवर्षी हवीच. चष्म्याचा नंबर वरचेवर बदलू लागला तर आधी साखर बघा.

बाकी पथ्य थोडके. उजेड खांद्यामागून पानावर पडावा. पुस्तक हातभर लांब नको, नाकाशीही नको. साधारण सव्वा फुटावर. वाचताना पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडतात, म्हणून वीस मिनिटांनी मान वर करून दूरच्या झाडाकडे थोडे पाहावे. आडवे पडून मोबाईलवर वाचण्याचा नाद असेल तर तो झोपेच्या तासभर आधी आवरावा.

माझ्या वहीतला संख्येचा रकाना मी खोडून टाकला आहे. त्या जागी दिवा किती वाजता मालवला ते लिहितो. सध्या हातात आहे ते पुस्तक चांगले सहाशे पानांचे आहे, आणि वाचनालयाची मुदत दोनदा वाढवून घेतली आहे.