हवेतले इमले आणि भिंतीतली तार

गेल्या चैत्रात आमच्या सोसायटीची विशेष सर्वसाधारण सभा भरली. वांद्रे पूर्वेला, कलानगरपासून हाकेच्या अंतरावर आमची चार मजल्यांची जुनी इमारत आहे. ती आता पडणार आणि तिच्या जागी टोलेजंग मनोरा उभा राहणार, ह्या सुखस्वप्नात आम्ही सारे सभासद सध्या झोपतो आणि त्याच स्वप्नात जागे होतो. त्या दिवशी प्रवेशदालनातील संगमरवर कोणत्या देशाचा असावा ह्यावर तासभर खल झाला. व्यायामशाळेत आरसे किती असावेत ह्यावर पाऊण तास गेला. अखेरीस मी उठलो आणि एक लहानशी सूचना मांडली. प्रत्येक घरात दाराजवळ एक कोनाडा ठेवावा आणि तेथून प्रत्येक खोलीपर्यंत भिंतीतून एकेक रिकामा पाइप न्यावा. पुढे त्यातून जाळ्याची तार ओढता येईल आणि कोनाड्यात एक स्विच बसवता येईल.

"अहो, स्विच प्रत्येक खोलीत असणारच की!" एक सभासद म्हणाले. "त्याशिवाय दिवे कसे लागतील?"

दिव्याच्या बटणाबद्दल मी बोलत नसून इथरनेटच्या स्विचबद्दल बोलत आहे, असे मी सांगू लागलो. तोच आमचे तरुण चिटणीस हसून म्हणाले, "काका, आता सगळं हवेतून चालतं. तारांचा जमाना गेला!"

सभागृहात हशा पिकला. सूचना मतास टाकली तेव्हा चार हात वर झाले. त्यांतला एक माझा होता आणि दुसरा माझ्या बायकोचा. बाकीच्या दोघांचा मी ऋणी आहे.

वाचकहो, माझे भांडण चिटणिसांशी नाही. ते सज्जन गृहस्थ आहेत. माझे भांडण आहे ते त्या 'हवेतून' ह्या शब्दाशी. नळाचे पाणी कोठून येते असे विचारले असता "तोटीतून" असे उत्तर देणाऱ्या लहान मुलाचे आपण कौतुक करतो. परंतु इंटरनेट कोठून येते असे विचारले असता "हवेतून" असे सांगणाऱ्या पदवीधर प्रौढाचे काय करावे? जगाशी आपले बोलणे होते ते समुद्राच्या तळाशी पसरलेल्या केबलींतून. त्यांतल्या काही आपल्याच वर्सोव्याच्या किनाऱ्याला येऊन लागतात. तेथून पुढे रस्त्याखालून, जिन्यातून, दाराच्या चौकटीतून केसासारखा काचेचा तंतू आपल्या घरात शिरतो. हजारो मैलांचा प्रवास तारेतूनच होतो. हवेतून होतात ती शेवटची वीस पावले, आणि नेमका तेथेच सारा घोळ होतो!

तो घोळ का होतो, हे समजून घेण्यास अभियंता असावे लागत नाही. वायफायच्या एका पेटीवर बोलणाऱ्या सर्व यंत्रांची हवा एकच असते. एक बोलत असता दुसऱ्याने थांबावे लागते. त्यात शेजारच्या घरांतील पेट्याही त्याच हवेत बोलत असतात. दूरवर पोहोचणाऱ्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे मार्ग व्यवहारात तीनच असतात. तीन! आणि मनोऱ्यातील घरे किती? ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात मार्ग पुष्कळ, पण भिंत आडवी आली की त्याचा जीव कासावीस होतो. आणि आमच्या नव्या भिंती तर सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या असणार. मग दिवाणखान्यात पाच रेघा, निजायच्या खोलीत दोन आणि मुलांच्या अभ्यासाच्या टेबलाशी शून्य, ही स्थिती आली तर दोष कोणाचा?

गंमत अशी, की ह्या गोंगाटावरचा उपाय आपल्या आधीच्या पिढीने शोधून ठेवलेला आहे. १९७३ साली अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात रॉबर्ट मेटकाफ ह्या तरुणाने एक टिपण लिहिले आणि डेव्हिड बॉग्जच्या साथीने ते प्रत्यक्षात आणले. प्रकाश वाहून नेणारे अदृश्य द्रव्य म्हणून जुन्या पदार्थवैज्ञानिकांनी 'ईथर' मानला होता. त्यावरून ह्या जाळ्याचे नाव इथरनेट पडले. ही कल्पना मेटकाफला सुचली ती हवाई बेटांवरच्या 'अलोहा' नावाच्या रेडिओ जाळ्यावरून. म्हणजे इथरनेटचे मूळ खरोखरच हवेत होते! त्या पहिल्या इथरनेटमध्ये सारी यंत्रे एकाच केबलीला जोडलेली असत. दोघे एकदम बोलले की आवाज एकमेकांवर आदळत, आणि दोघांनी थोडे थांबून पुन्हा बोलावे असा रिवाज होता. पुढे 'हब' नावाची पेटी आली, पण तीही एकाचे बोलणे सर्वांना ऐकवी. चाळीच्या गॅलरीत उभे राहून "अहो जोशी!" अशी हाक मारावी आणि तिन्ही मजल्यांनी बाहेर डोकवावे, तसला तो कारभार होता.

ह्या गॅलरीतून माणसाची सुटका केली ती स्विचने. अनेक तोंडांचा पहिला इथरनेट स्विच १९९० च्या सुमारास अमेरिकेतील एका लहान कंपनीने बाजारात आणला. त्याला सात तोंडे होती. विनोद भारद्वाज हे भारतीय वंशाचे गृहस्थ त्या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक होते आणि कंपनीला त्यांनी आपल्या पत्नीचे नाव दिले होते. ते नाव 'कल्पना'! १९९४ साली सिस्को ह्या बड्या कंपनीने ती विकत घेतली. आज जगातल्या प्रत्येक कचेरीत, इस्पितळात, बँकेत आणि आमच्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या काचेच्या महालांत जे स्विच अहोरात्र लुकलुकतात, त्यांची कुळी त्या 'कल्पने'पर्यंत जाते. आणि आम्हाला मात्र आमच्या घरासाठी ती कल्पनाच करवत नाही!

हा स्विच करतो तरी काय? वाड्यावर नव्याने आलेला एखादा हुशार पोस्टमन डोळ्यांपुढे आणा. कोण कोठे राहतो हे त्याला ठाऊक नाही. पण तो प्रत्येक पाकिटाच्या मागच्या बाजूला 'प्रेषक' वाचतो. हे पत्र तिसऱ्या दारातून आले आणि प्रेषक कुलकर्णी, तेव्हा कुलकर्णी तिसऱ्या दारी राहतात, अशी नोंद तो आपल्या वहीत करतो. पुढे कुलकर्ण्यांचे पत्र आले की ते सरळ तिसऱ्या दारी जाते. बाकीच्यांची झोप मोडत नाही. ज्याची नोंद नाही अशाचे पत्र आले, तर तेवढ्यापुरते तो सर्व दारांवर विचारतो, उत्तर येताच वहीत लिहून घेतो आणि काही मिनिटे कोणी बोलले नाही तर ती नोंद खोडतो. प्रत्येक यंत्राला कारखान्यातच बारा अक्षरांकांचा एक पत्ता दिलेला असतो. त्याच पत्त्यांची ही वही. शिवाय प्रत्येक दाराला स्वतंत्र रस्ता, त्या रस्त्यावर जाण्याची वाट वेगळी आणि येण्याची वेगळी. म्हणून टक्कर नाही, थांबणे नाही. एवढेच ते गुपित आहे. मंगळागौरीच्या खेळांचे नियम ह्याहून अवघड असतात.

आणि तो बसवणे? २०२० च्या टाळेबंदीनंतर मी आणि माझी तेव्हा शाळकरी असलेली नात, आम्ही दोघांनी एका रविवारी दुपारी आमच्या जुन्या घरात तो बसवला. लॅमिंग्टन रोडवरून पाच तोंडांचा गिगाबिट स्विच आणला. दोन हजारांच्या आतच काम भागले. इंटरनेट घेऊन येणारा तंतू ज्या पेटीत शिरतो तिच्यापासून राउटर, राउटरच्या मागच्या एका तोंडातून एक तार स्विचला आणि स्विचपासून खोल्याखोल्यांत एकेक. भिंत फोडण्याची सोय नव्हती म्हणून कडेने प्लॅस्टिकची पट्टी ठोकून तिच्यातून तारा नेल्या. साध्या स्विचला काही सांगावे-शिकवावे लागत नाही. वीज दिली की तो कामाला लागतो. त्याला हवा लागते म्हणून तो कपाटात कोंडला नाही, आणि विजेच्या तारांपासून जाळ्याच्या तारा वीतभर दूर ठेवल्या.

तार घेताना मात्र डोळे उघडे ठेवले. तांब्याचा नुसता मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार स्वस्तात मिळते, आणि दुकानदार ती हसतमुखाने देतो. ब्लेडने खरवडून पाहावी. आतून पांढरी निघाली तर परत करावी. ह्या तारेत आठ धागे असतात, दोन-दोनांच्या चार जोड्या, एकमेकींना पीळ घातलेल्या. तो पीळ बाहेरचा गोंगाट मारण्यासाठी असतो, तेव्हा टोकाला तो गरजेपेक्षा जास्त उलगडू नये. आठांतला एक धागा जरी नीट बसला नाही, तरी हजाराचा वेग शंभरावर येऊ शकतो. आणि घरातली माणसे बिचाऱ्या इंटरनेट कंपनीला शिव्या घालीत बसतात. चांगल्या तारेची एक फेक शंभर मीटरपर्यंत चालते. वांद्र्यात शंभर मीटर लांबीचे घर कोणाचे असेल त्याने मला अवश्य जेवायला बोलवावे.

आता माझ्या फजितीची गोष्ट सांगतो. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत मी एका तारेचे लोंबणारे टोक पाहिले आणि नीटनेटकेपणाच्या भरात ते स्विचच्या रिकाम्या तोंडात खोचले. क्षणात घरातले सारे जाळे मृतवत झाले. दिवे मात्र सगळे वेड्यासारखे लुकलुकत होते. एक तंत्रज्ञ आले, त्यांनी पाच मिनिटे पेटीकडे गंभीरपणे पाहिले, "राउटर गेला" असा निर्वाळा दिला, येण्याचे पैसे घेतले आणि नव्या राउटरची किंमत सांगून निघून गेले. संध्याकाळी नात आली. तिने तारेवरून बोट फिरवीत नेले आणि म्हणाली, "आजोबा, हिची दोन्ही टोकं ह्याच स्विचमध्ये आहेत!" सर्वांसाठी असलेला निरोप एका तोंडातून बाहेर पडे, दुसऱ्यातून परत आत येई, पुन्हा सर्वांना वाटला जाई, आणि हे चक्र कधी थांबतच नसे. रेडिया पर्लमन ह्या विदुषीने १९८५ साली ह्या रोगावर औषध शोधले आणि मोठ्या स्विचांत ते असते. स्वस्तातल्या साध्या स्विचांत सहसा नसते. नातीने ते टोक उपसले. जाळे जिवंत झाले. औषधाचा खर्च शून्य.

त्या तंत्रज्ञावर माझा राग नाही. ज्याला काही कळत नाही अशा गिऱ्हाइकाकडून पैसे घेणे हा जगाचा जुना व्यवहार आहे. राग आहे तो आपल्या न कळण्यावर. आपण खंडेनवमीला ह्या पेटीला हळदकुंकू वाहतो, झेंडूचे फूल ठेवतो, पण तिच्या मागे किती तारा आहेत हे वर्षभर पाहत नाही. ज्या यंत्रावर घरातल्या मुलांचे शिक्षण आणि मोठ्यांची पोटे अवलंबून आहेत, त्याची नुसती पूजा करणे ही भक्ती नव्हे, आळस आहे.

पोटे म्हणालो ते उगाच नाही. आमच्या खालच्या मजल्यावरची एक मुलगी नोकरीच्या मुलाखतीसाठी संगणकापुढे बसली होती. तीन वेळा तिचा चेहरा पडद्यावर गोठला. अखेर ती संगणक घेऊन जिन्यात, राउटरच्या भिंतीला पाठ लावून बसली, आणि वर-खाली करणाऱ्या आम्हा मंडळींच्या चपलांच्या आवाजात तिने उरलेली मुलाखत दिली. ती नोकरी तिला मिळाली नाही. केवळ जाळ्यामुळे मिळाली नाही असे मी म्हणणार नाही. पण मुलीला स्वतःच्या घरात, स्वतःच्या टेबलाशी बसून चार वाक्ये सलग बोलता येऊ नयेत, ही त्या घराची उणीव आहे, आणि ती उणीव आम्ही आता नव्या मनोऱ्यातही ठरावाने मंजूर केली आहे!

कोणी म्हणेल, मोबाइलला कोठे तार लावता? नाहीच लावत. मी वायफायचा वैरी नाही. उलट खोलीखोलीत तार पोहोचली, तर तिच्या टोकाला वायफायची लहान पेटी बसवता येते, आणि मग हवेला भिंती ओलांडाव्या लागत नाहीत. जी यंत्रे एका जागी बसून राहतात, म्हणजे टेबलावरचा संगणक, दूरचित्रवाणी, कॅमेऱ्यांची पेटी, ती तारेवर घ्यावीत. जी खिशात फिरतात त्यांच्यासाठी हवा मोकळी होते. तार ही वायफायची सवत नव्हे, पाठची बहीण आहे.

कोणी म्हणेल, उद्या तंत्र बदलेल, मग तार काय कामाची? म्हणूनच तर मी पाइप मागतो! पाइप रिकामा असतो. आज त्यातून तांबे ओढा, उद्या काच ओढा. आणि खर्च? भिंती उभ्या राहत असताना पाइप टाकण्याचा खर्च संगमरवराच्या हिशेबात दिसणारदेखील नाही. भिंती रंगवून झाल्यावर मात्र छिन्नी लावावी लागेल. सरकारलाही हे उमगले आहे. इमारतींना त्यांच्या डिजिटल जोडणीवरून मानांकन देण्याचे विनियम भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२४ साली काढले. म्हणजे दिल्लीला कळते ते वांद्र्याला कळू नये काय? ह्याच वांद्र्यात साहित्यिकांनी सहकारी तत्त्वावर 'साहित्य सहवास' उभे केले, पत्रकारांनी पत्रकारनगर उभे केले. सहकार म्हणजे चार जणांनी मिळून बिल्डरपुढे मान डोलावणे नव्हे. आपल्याला काय हवे आहे हे आधी समजून घेऊन ते मागणे, ह्याला सहकार म्हणतात.

दिवाळीनंतर आराखड्यावर शेवटची सही होण्यापूर्वी आमची आणखी एक सभा आहे. मी तीच सूचना पुन्हा मांडणार आहे. ह्या खेपेस मी नातीला बरोबर नेणार आहे, आणि पिशवीतून आमचा तो पाच तोंडांचा स्विचही. चिटणीस पुन्हा "हवेतून" म्हणाले, तर त्यांच्या हातात तो ठेवीन आणि एवढेच विचारीन, "ह्याला तार कोठून आणू?" आपल्यापैकी ज्यांच्या इमारती पडायच्या आहेत, त्यांनीही आपापल्या सभेत हा प्रश्न विचारावा. संगमरवर मागाहून बसवता येतो. भिंतीतला पाइप येत नाही.