ठासणीच्या बंदुकीचा गंज

निवडणूक लागली की आमची ठासणीची बंदूक ठाण्यात जमा. परवाना शेतीसंरक्षणाचा, पण आचारसंहिता रानडुकरांना कोण सांगणार?

बरं, घेता तर नीट ठेवा! जळलेल्या दारूची काजळी ओल ओढते. म्हणून बार काढला की आबा त्याच रात्री नळी दस्त्यापासून सोडवायचे. कढत पाणी ओतून, गजाला चिंधी गुंडाळून घासायचे. टोपीखालचं भोक सुईने मोकळं करायचे. पावसाळ्यात तर दर आठवड्याला तेलाचा हात.

निकाल मेमध्ये लागला, बंदूक दसऱ्याला मिळाली. तोवर भात डुकरांनी लोळवलं, नळी गंजाने खाल्ली. उद्या ती फुटली तर हात माझा जाईल, साहेबांचा नव्हे. बंदूक मागता ना? मग तेल लावायची जबाबदारीही घ्या!