विश्रांतीचा विपर्यास

ख्रिस्ती धर्मांतील ‘विश्रांति’ या शब्दाची सध्यां दोन्ही बाजूंनीं ओढाताण चालली आहे. भाविक म्हणतो, एकदां विश्वास ठेवला कीं पुढें कर्तव्य असें कांहीं उरत नाहीं. टीकाकार तेंच वाक्य उचलून म्हणतो, हा तर आळशांचा धर्म! दोघांचें भांडण मोठें, पण चूक एकच.

मत्तयकृत शुभवर्तमानाचा ११ वा अध्याय उघडून पाहावा. कष्टी व भाराक्रांत जनांना तेथें येशू विसावा देऊं करतो, हें सर्वांस पाठ असतें. परंतु त्याच दमांत तो त्यांना आपलें जूंही खांद्यावर घेण्यास सांगतो, हें सोयीस्करपणें विसरलें जातें. जूं हें कांहीं निजण्याचें साधन नव्हे! इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या ४ थ्या अध्यायांतही विसाव्यांत प्रवेश करण्यासाठीं यत्न करावा, असाच उपदेश आहे. शिवाय ज्या ग्रीक ‘पिस्तिस’ शब्दाचें आपण ‘विश्वास’ असें भाषांतर करतों, त्यांत एकनिष्ठता हाही अर्थ आहे. निष्ठेवांचून विश्वास म्हणजे नुसता होकार. आणि होकाराला श्रम पडत नाहींत.

शब्बाथाची गोष्टही अशीच. निर्गमाच्या २० व्या अध्यायांत त्याचें कारण म्हणून सृष्टीची उत्पत्ति सांगितली आहे. अनुवादाच्या ५ व्या अध्यायांत मात्र मिसर देशांतील दास्याचें स्मरण देऊन, दास-दासींनाही धन्याप्रमाणेंच विसावा मिळावा असें बजावलें आहे. ज्याच्या घरीं मोलकरणीला सुटी नाहीं, त्याची रविवारची प्रार्थना कितीही शांत असो, ती या आज्ञेच्या कसोटीस उतरत नाहीं.

डीट्रिख बोनहोफर या जर्मन धर्मशास्त्रज्ञानें १९३७ सालीं ‘स्वस्त कृपे’वर कोरडे ओढले. १९३९ च्या जूनमध्यें तो न्यूयॉर्कला पोंचला. तेथें त्याला कोणतेंही भय नव्हतें. तरी महिन्याच्या आंत तो नाझी जर्मनीकडे परत निघाला. ९ एप्रिल १९४५ रोजीं फ्लोसेनबुर्ग येथें त्यास फांशी देण्यांत आलें. सुरक्षितता आणि विश्रांति एकच असत्या, तर त्याला परतण्याचें कारणच नव्हतें.

मग ही विश्रांति कशापासून, असें कोणी विचारील. आपलें तारण आपणच कमावलें पाहिजे, या धास्तीपासून. ती गेली म्हणजे हात मोकळे होतात. आणि मोकळे झालेले हात शेजाऱ्याच्या कामीं न येतील, तर ती सुटका झालीच नाहीं असें समजावें.