निट्स किती?
कळंबला चिंतामणी मंदिराच्या रस्त्यावर माझं ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान आहे. टेबल दाराशी, त्यामुळे एप्रिलचं ऊन थेट लॅपटॉपच्या स्क्रीनवर. निट्स म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप. २५० निट्सच्या चकचकीत स्क्रीनचा तिथे आरसा होतो. सातबाऱ्याआधी माझंच तोंड दिसतं. ४०० निट्सची मॅट स्क्रीन मात्र वाचता येते. (बॅटरी लवकर उतरते, ते वेगळं.) पण नुसता उजेड पुरत नाही. शेतकरी बाजूच्या खुर्चीवर बसतो, आणि गट नंबर तर त्यालाच तपासायचा असतो. टीएन प्रकारच्या स्क्रीन-पॅनेलकडे तिरकं पाहिलं की अक्षरं फिकटतात, रंग बदलतात. आयपीएस प्रकारच्या पॅनेलवर हा त्रास फारसा नाही. विक्रेते प्रोसेसर, रॅम घडाघडा सांगतात. निट्स विचारले की खोकं उलटंपालटं करू लागतात. हा आकडा किमतीशेजारी छापणं सक्तीचंच करायला हवं.