काजळी धरणारा तारा

मुलांनो, कंदिलाची वात जास्त वर केली की काय होतं? काच काजळते. आत ज्योत असते, पण उजेड बाहेर येत नाही. आकाशातही असाच एक तारा आहे, बरं का!

मे-जूनमध्ये रात्री आधी ठळक स्वाती तारा शोधा. त्याच्या पूर्वेला अर्धवर्तुळात बसलेले काही तारे दिसतील. तो उत्तर मुकुट. या मुकुटाच्या आत 'आर' नावाचा तारा आहे. एरवी तो सहाव्या प्रतीचा असतो, म्हणजे छोट्या दुर्बिणीतून सहज दिसतो. पण १७९५ साली इंग्लंडच्या एडवर्ड पिगॉट यांच्या लक्षात आलं, की हा अधूनमधून चक्क दिसेनासा होतो! २००७ साली तो असाच हजारपटींहून जास्त मंदावला आणि पूर्ववत व्हायला कित्येक वर्षं लागली.

ही काजळी येते कुठून? आपल्या सूर्याच्या वजनात जवळजवळ तीन चतुर्थांश हायड्रोजन आहे. या ताऱ्यात हायड्रोजन अगदी नावालाच. तो जवळजवळ सगळा हेलियमचा, आणि उरलेल्यात कार्बन भरपूर. त्याने फेकलेला वायू दूर जाऊन थंडावला, की त्यातल्या कार्बनची काजळी धरते. तो ढग नेमका आपल्या वाटेत आला, की तारा झाकला जातो. ढग पांगला, की पुन्हा उजेड!

मग हायड्रोजन गेला कुठे? शास्त्रज्ञांना वाटतं, हा तारा दोन श्वेत बटूंचा मिळून झालाय. श्वेत बटू म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा. तिथला हायड्रोजन आधीच जळून हेलियम झालेला असतो आणि हेलियमच्या तीन-तीन अणुकेंद्रांचा कार्बन. असे दोन गाभे एकमेकांभोवती फिरत फिरत जवळ आले, आदळले आणि विझलेल्या निखाऱ्यांतून नवा तारा पेटला! पुरावा? आपल्याकडच्या ऑक्सिजनमध्ये साधारण पाचशे अणूंमागे एक अणू जड, म्हणजे 'ऑक्सिजन-१८' असतो. २००७ मध्ये याच जातीच्या काही ताऱ्यांत तो शेकडो पटींनी जास्त सापडला. अशा टकरीच्या उष्णतेत तो तयार होऊ शकतो.

पुढची काजळी कधी धरेल, हे मात्र कुणालाच आधी सांगता येत नाही. म्हणूनच जगभरचे हौशी निरीक्षक या ताऱ्यावर रोज नजर ठेवतात. तुम्हीही एक वही करा. निरभ्र रात्री तारीख, वेळ आणि शेजारच्या ताऱ्यांपेक्षा 'आर' ठळक की मंद, एवढंच लिहा. एखाद्या रात्री तो जागेवर नसला, तर दुर्बिणीची काच पुसून पुन्हा बघा. तरीही नसला, तर वहीत ठळक अक्षरांत तारीख घाला!