रक्तगट विचारता, मग सिकलसेल का नाही?

सुरतेच्या उधना, लिंबायत, दिंडोली भागांत धुळे-जळगाव-नंदुरबारकडून आलेली हजारो मराठी घरं नांदतात. लूमवर आणि डाइंग मिलमध्ये राबणाऱ्या या घरांत सोयरीक जुळवताना कुळ-देवक, पत्रिका यांच्या जोडीला आता बायोडेटातला आणखी एक रकाना बघतात, रक्तगट. दोघंही 'बी पॉझिटिव्ह' निघाली की कोणीतरी जाणकार काका मान हलवतात: "एकच रक्तगट आहे, मुलं आजारी निपजतील." आणि चांगलं जमलेलं स्थळ मागे पडतं.

ही समजूत साफ खोटी आहे. आपल्याकडे ओ आणि बी हे गट प्रत्येकी साधारण तीस-पस्तीस टक्के लोकांत आढळतात, ए त्याहून कमी आणि एबी अगदी थोड्यांत. म्हणजे कोणी काही न बघता लग्नं केली तरी दहांतल्या तीन जोडप्यांचा गट निव्वळ योगायोगानं सारखाच निघणार. त्यांची मुलं खरोखरच आजारी निपजत असती, तर हे ओळखायला काकांची गरज पडली नसती. उलट गट वेगळे असले तर क्वचित त्रास होतो. आई ओ आणि बाळ ए किंवा बी असेल तर नवजात बाळाला कावीळ होऊ शकते, ती बहुधा सौम्य असते. आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर पुढच्या बाळंतपणात धोका वाढतो, पण त्यावर अँटी-डी इंजेक्शन १९६० च्या दशकापासून उपलब्ध आहे. निगेटिव्ह मुलगी नाकारण्याचं कारण तिथंच संपलं.

पूर्वपक्षाचा पुढचा मुद्दा जरा वजनदार आहे. "ए गटाला पोटाचा कॅन्सर जास्त होतो, हे डॉक्टरच सांगतात ना?" सांगतात, आणि ते खरं आहे. १९५३ साली इंग्लंडमध्ये एअर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा संबंध दाखवला आणि पुढच्या मोठ्या अभ्यासांत तो टिकला. पण वाढ आहे सुमारे वीस टक्क्यांची, तीही मुळात छोट्या असलेल्या धोक्यावर. ओ गटाच्या लोकांच्या रक्तात गुठळीला मदत करणारा व्हॉन विलेब्रँड घटक सुमारे पंचवीस टक्के कमी असतो, म्हणून त्यांच्या शिरांत गुठळ्या होण्याचं प्रमाण कमी आढळतं. हे सगळं लाखो लोकांच्या सरासरीचं बोलणं आहे. त्यावरून समोरच्या एका माणसाचं भविष्य वर्तवता येत नाही. तंबाखूचा मावा चघळत चघळत स्वतःच्या ए गटाची चिंता करणारा माणूस मी पाहिला आहे. त्याला काय सांगावं? आहाराचंही तसंच: रक्तगटानुसार आहाराचं पुस्तक १९९६ पासून जगभर खपतं, पण २०१३ मध्ये सगळे उपलब्ध अभ्यास चाळून पाहिले तेव्हा अशा आहाराला पुरावा सापडला नाही.

दुर्मीळ गटाचा बागुलबुवाही असाच. राजकोटच्या एका ज्येष्ठ रुग्णाचा ईएमएम निगेटिव्ह हा गट सुरतेच्या रक्तकेंद्रातल्या तपासणीनंतर निश्चित झाला आणि २०२२ मध्ये त्याच्या बातम्या झळकल्या. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत शोधलेला 'बॉम्बे' गट आपल्याकडे सुमारे दहा हजारांत एकाचा. दोन्हींची अडचण एकच: गरज पडली तर जुळणारं रक्त मिळणं कठीण. दुर्मीळ म्हणजे रोगट नव्हे.

प्लेगचंही बघा. १९६० च्या सुमारास फोगेल आणि पेटनकोफर या जर्मन संशोधकांनी मांडलं होतं की प्लेगच्या जंतूवर ओ गटाशी मिळताजुळता पदार्थ असतो, म्हणून ओ गटाचे लोक त्याला अधिक बळी पडले असावेत. पुढे हे टिकलं नाही. सुरतेतल्या १९९४ च्या प्लेगनंतर शहर सुधारलं ते तत्कालीन महापालिका आयुक्त एस. आर. राव यांच्या सफाईनं. रक्तगट बघून कोणी गल्ल्या झाडल्या नव्हत्या.

मग रक्तात काही लिहिलेलंच नसतं का? असतं, पण ते वेगळ्या ठिकाणी. डफी नावाच्या गटाचं प्रतिजन ज्यांच्या तांबड्या पेशींवर नसतं, त्यांना व्हायवॅक्स मलेरिया सहसा होत नाही; पश्चिम आफ्रिकेत असे लोक बहुसंख्य आहेत, आपल्याकडे विरळ. इथे खरा प्रश्न पेशीच्या आतल्या हिमोग्लोबिनचा आहे. गामीत, चौधरी, वसावा, हळपती या दक्षिण गुजरातच्या समाजांत, तसंच नंदुरबारच्या भिल्ल-पावरांत सिकलसेलचं जनुक मोठ्या प्रमाणावर आढळतं. एकच प्रत असेल तर माणूस नुसता वाहक, सहसा ठणठणीत असतो, शिवाय फाल्सिपेरम मलेरियापासून त्याला थोडं संरक्षणही मिळतं. दोन्ही पालक वाहक असतील तर मात्र प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारांत एक. वेदनेचे झटके, पंडुरोग, जंतुसंसर्ग, सगळं बालपण त्यात जातं. तसंच सुरतेत स्थायिक वाटालिया प्रजापती समाजात जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता आढळली आहे. अशा माणसाला मलेरियासाठी प्रायमाक्विन दिलं तर तांबड्या पेशी फुटू शकतात. यातलं काहीही बायोडेटातला 'ओ पॉझिटिव्ह' सांगत नाही.

वलसाडच्या रक्तदान केंद्राचे डॉ. यझदी इटालिया यांनी वर्षानुवर्षं सिकलसेल तपासणीचं काम लावून धरलं. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. केंद्र सरकारचं सिकलसेल निर्मूलन अभियान जुलै २०२३ मध्ये सुरू झालं. चाचणी स्वस्त आहे: सोल्युबिलिटी चाचणीत संशय आला तर एचपीएलसी या अधिक नेमक्या चाचणीनं खात्री करता येते.

यावर एक आक्षेप खरा आहे. "वाहक" असं कळलं तर मुलीचं लग्न मोडेल, मुलाचं मोडणार नाही. म्हणूनच ही माहिती बायोडेटात छापू नये, असं माझं ठाम मत आहे. ती ज्याची त्याला, कॉलेजच्या वयात, आधी कळावी. एक जण वाहक असेल तर लग्नाला अडचणच नाही. दोघंही असतील तर समुपदेशन आहे, गर्भजल तपासणी आहे, निर्णय त्यांचा.

तेव्हा उधना-लिंबायतच्या समाजमंडळांना विनंती: पुढच्या वधू-वर मेळाव्याच्या अर्जातून रक्तगटाचा रकाना काढून टाका आणि मंडपाबाहेर सिकलसेल आणि थॅलेसेमिया या हिमोग्लोबिनच्या आजारांच्या तपासणीचं टेबल मांडा. अहवाल बंद पाकिटात ज्याच्या त्याच्या हातात द्या, मंडळाच्या वहीत नोंदवू नका.